हूडच्या आत गेलेला हात : डायमिथाइल मर्क्युरीचं एक प्रकरण

१४ ऑगस्ट १९९६. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डार्टमथ कॉलेजमध्ये रसायनशास्त्राच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफा ओढून बाहेर फेकणाऱ्या पेटीत, काम करत होत्या. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा होता, हातात लॅटेक्सचे पातळ, एकदा वापरून टाकायचे हातमोजे होते. पिपेटच्या टोकावरून डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचा एक थेंब, कदाचित काही थेंब, त्यांच्या मोज्यावर, पंजाच्या मागच्या बाजूला पडले. त्यांनी सांडलेलं साफ केलं, मोजे उतरवले. ८ जून १९९७ रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी, पाऱ्याच्या विषबाधेनं त्यांचं निधन झालं.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी हातमोज्यांचं प्रकरण म्हणून सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण ते ऐकल्यावर साहजिकच मनात येणारा पहिला प्रश्न वेगळा असतो : त्या तर हूडमध्येच काम करत होत्या ना? हूडमध्ये केलेलं काम म्हणजे सुरक्षित काम, हे त्या प्रश्नात धरूनच चाललेलं असतं. मला हे प्रकरण त्याच बाजूनं मांडायचं आहे. हूड नेमकं काय अडवतो, काय अडवत नाही आणि त्या दिवशी यांतला कोणता रस्ता उघडा राहिला, हे नीट कळल्याशिवाय या मृत्यूचं कारण समजत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. वेटरहान निष्काळजी नव्हत्या. विषारी धातू हाच त्यांचा अभ्यासाचा विषय होता. क्रोमियम पेशीत शिरून डीएनएला इजा कशी करतं, यावर त्यांचं नावाजलेलं काम आहे. त्या काळी अशा कामासाठी जी काळजी पुरेशी मानली जायची, ती त्यांनी घेतली होती. म्हणूनच हे प्रकरण एका व्यक्तीच्या चुकीचं ठरत नाही. चुकलं होतं ते त्या वेळचं सगळ्यांचं गृहीतक.

काम काय होतं

डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांशी पाऱ्याचे आयन कसे जोडले जातात, हे त्यांना पाहायचं होतं. साधन होतं एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांनी दिलेले रेडिओ संकेत मोजण्याची पद्धत. पाऱ्याचं १९९ वस्तुमानांकाचं समस्थानिक एनएमआरमध्ये संकेत देतं, पण तो संकेत कुठे आला हे सांगायला ठरलेला शून्यबिंदू लागतो. पाऱ्यासाठी तो शून्यबिंदू म्हणजे शुद्ध डायमिथाइल मर्क्युरी. म्हणजे प्रयोगाचा खरा विषय हे द्रव्य नव्हतंच. उपकरणाचं माप शून्यावर आणण्यासाठी ते थोडंसं एका बारीक नळीत भरायचं होतं. त्या कामात आलेलं सगळ्यात घातक द्रव्य फक्त मोजपट्टी जुळवण्यासाठी आलं होतं, हा तपशील लक्षात ठेवावा. शेवटी त्याकडे परत यायचं आहे.

डायमिथाइल मर्क्युरी हा रंगहीन द्रव आहे, पाण्याच्या तिप्पट जड. तो चटकन उडतो. २० अंश सेल्सिअसला त्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या स्तंभाच्या निदान ५० मिलिमीटर इतका भरतो. त्यावरून हिशोब केला तर बंद कुपीत या द्रवावर जी हवा असते, तिच्यात दर घनमीटरला सुमारे ६०० ग्रॅम बाष्प मावतं. अमेरिकेत कामाच्या जागी अल्किल पाऱ्यासाठी, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या पाऱ्याच्या अशा संयुगांसाठी, हवेतली मर्यादा आहे घनमीटरला ०.०१ मिलिग्रॅम. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की फरक काही कोटी पटींचा निघतो. उघड्या टेबलावर ही कुपी उघडायची गोष्टच सोडा.

आणि हे द्रव्य जीव घेतं हे नव्यानं कळलं होतं असंही नाही. ते पहिल्यांदा १८५८ साली तयार झालं आणि १८६५ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेत त्यावर काम करणाऱ्या दोन साहाय्यकांना विषबाधा होऊन पुढे दोघंही दगावले. विसाव्या शतकातही ते मोठ्या प्रमाणात बनवणाऱ्या एका तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या मृत्यूची नोंद आहे. त्यामुळे सगळ्यांची भीती बाष्पाची होती, आणि बाष्पावरचा उपाय म्हणजे हूड. विचार बरोबर होता, पण अपुरा होता.

हूडला काय येतं

फ्यूम हूड म्हणजे तीन बाजूंनी बंद आणि पुढून वरखाली सरकणारी काच असलेली पेटी. त्या काचेला सॅश म्हणतात. मागच्या भिंतीपुढे एक आडोसा असतो, त्यात वर आणि खाली फटी असतात, त्यामागून नळ छपरावरच्या पंख्यापर्यंत जातो. पंखा खोलीतली हवा सॅशखालच्या तोंडातून आत ओढतो आणि बाष्पासकट बाहेर फेकतो. साधा हूड काहीही गाळत नाही. हवेचा प्रवाह सतत कामगारापासून दूर, आतल्या दिशेनं ठेवणं, एवढंच तो करतो.

तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर असावा असं मानतात. दीड मीटर रुंदीच्या हूडची काच चाळीस सेंटिमीटर उघडी असेल, तर या वेगानं तासाला हजार घनमीटरहून जास्त हवा आत जाते. एवढ्या हवेत एखाद्या थेंबाचं बाष्प विरळ होऊन निघून जातं. मात्र हा वेग वाढवत नेला की सुरक्षा वाढत जाते, असं नाही. वेग फार झाला की कडांना आणि आत ठेवलेल्या वस्तूंना आपटून हवा भोवरे करते आणि त्या भोवऱ्यांतून बाष्प बाहेर येऊ शकतं.

खुद्द समोर उभा माणूसही प्रवाहात अडथळा असतो. मागून येणारी हवा त्याच्या अंगाला वळसा घालून हूडमध्ये शिरते आणि छातीपुढे एक संथ, उलटसुलट फिरणारा पट्टा तयार होतो. पेटीच्या तोंडाशीच काम चाललं असेल, तर बाष्प या पट्ट्यात सापडतं आणि नाकापर्यंत येतं. म्हणून काम काचेच्या रेषेपासून निदान १५ सेंटिमीटर आत करावं हा नियम. मागून कुणी झपाझप चालत गेलं, तर त्याचा वेग सेकंदाला मीटरभर किंवा जास्त असतो, म्हणजे हूडच्या ओढीच्या दुप्पट. दार उघडलं, एसीचा झोत तोंडावर आला, बाटल्यांची रांग लावून खालची फट बुजवली, की तोंडाशी मोजलेला आकडा उत्तम असूनही हूड गळतो. म्हणून वेगाच्या मीटरवर विसंबू नये. धूर सोडून तो कुठे जातो ते बघावं आणि हूड बसवताना समोर माणसाच्या उंचीचा पुतळा उभा करून, आत खुणेचा वायू सोडून, पुतळ्याच्या नाकाशी तो किती येतो ते मोजावं. ज्या प्रयोगशाळांत हूड बाटल्या ठेवायचं कपाट झाला आहे, तिथे हे एकदा करून पाहावं असं मला फार वाटतं. भिंतीवरचा हिरवा दिवा पाहून बसलेला विश्वास धुराच्या एका चाचणीत हलतो.

आता या सगळ्या नियमांकडे पुन्हा बघा. काच किती उघडायची, किती आत काम करायचं, फटी मोकळ्या ठेवायच्या, मागून चालायचं नाही. यातला प्रत्येक नियम हवेबद्दल आहे. चाचणीच्या पुतळ्याला नाक असतं, पण तो हात आत घालत नाही. माणसाला मात्र हात आत घालावाच लागतो, नाहीतर काम होणार कसं? काचेच्या रेषेपलीकडचा भाग धोक्याचा, अलीकडचा माणसाचा, अशी हूडची विभागणी आहे. काम करताना कोपरापासून पुढचा हात पूर्ण वेळ पलीकडे असतो, आणि तिथे त्याला राखतो तो फक्त मोजा.

मोज्यानं काय केलं

भोक नसलेला मोजा द्रव अडवतो, हे डोळ्यांना पटणारं आहे. पण रसायनाला भोक लागत नाही. ते मोज्याच्या बाहेरच्या पृष्ठभागात विरघळतं, रबराच्या रेणूंमधून सरकत जातं आणि आतल्या बाजूनं बाहेर पडतं. हेलियमनं भरलेला रबरी फुगा कुठेही न फाटता दुसऱ्या दिवशी मलूल होतो, तेच इथे घडतं. मोजा फुगत नाही, सुरकुततही नाही, त्याचा रंग बदलत नाही, हाताला ओल लागत नाही. या पाझरण्याला किती वेळ लागतो हे मोज्याचा पदार्थ, त्याची जाडी आणि रसायन या तिन्हींच्या जोडीवर ठरतं. ‘रसायनरोधक मोजा’ या नुसत्या शब्दांना म्हणून काही अर्थ नाही. कुठल्या रसायनाला, किती मिनिटं, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय मोजा निवडला असं म्हणताच येत नाही.

लॅटेक्स पाण्यातल्या द्रावणांना आणि रक्ताला चांगलं अडवतं. डायमिथाइल मर्क्युरीचा रेणू छोटा आणि अध्रुवीय आहे, तो रबरात सहज विरघळतो. वेटरहान यांच्या आजाराचं निदान झाल्यावर त्याच प्रकारच्या मोज्यांची चाचणी करण्यात आली. द्रव १५ सेकंदांत किंवा त्याहूनही आधी पलीकडे पोचत होता. पीव्हीसीच्या मोज्यांची अवस्था तशीच निघाली. म्हणजे थेंब पडला हे लक्षात येऊन, हातातलं पिपेट नीट खाली ठेवून, सांडलेलं पुसायला घेईपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असणार.

इथे हूड आणि मोजा यांचा एकमेकांशी असलेला संबंध नीट पाहायला हवा, कारण माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तोच आहे. मोज्याच्या बाहेरच्या बाजूला राहिलेला थेंब उडून जातो, हूडची हवा तो ओढून नेते. तिथे हूड आपलं काम चोख करतो. पण जो भाग रबरातून आत गेला, तो कातडी आणि मोजा यांच्यामध्ये अडकतो. तिथे वारा पोचत नाही. उडून जायला वाट नाही, म्हणून तो कातडीत मुरतो. ज्या अडथळ्यानं हात वाचवायचा, तोच अडथळा हूडच्या संरक्षणातून हाताला वगळतो. आणि असा मोजा नसता तर? तर कोणीही हे काम केलं नसतं, निदान पडलेला थेंब पाहून धास्तावलं असतं. मोज्यावर पडलेला थेंब मात्र ‘मोज्यावर पडला’ या भावनेनं पुसला जातो. हे मी वेटरहान यांच्या मनात शिरून सांगत नाही. मोजे घालून काम करणाऱ्या कुणालाही तसंच वाटेल.

पाच महिने काहीच नाही

थेंब पडल्यावर लगेच काहीच जाणवलं नाही. पुढच्या काळात मळमळ, पोट बिघडणं असे अधूनमधून त्रास झाले, दोन महिन्यांत वजन सुमारे ७ किलोनं उतरलं. यातलं काहीही कुणाला एका ऑगस्टच्या दुपारकडे घेऊन जाणारं नव्हतं. जानेवारी १९९७ मध्ये तोल जाऊ लागला, चाल बिघडली, बोलणं अडखळू लागलं. २० जानेवारीला त्या रुग्णालयात दाखल झाल्या. थेंब पडल्याला तेव्हा पाच महिने उलटून गेले होते.

रक्तात पारा निघाला लिटरला ४,००० मायक्रोग्रॅम. सामान्य माणसात तो १ ते ८ असतो, आणि २०० च्या पुढे विषबाधा धरतात. विचारणा झाली तेव्हा त्यांना मोज्यावर पडलेला थेंब आठवला, आणि कामाच्या वहीमुळे तारीख पक्की झाली. पारा बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं दिली गेली, रक्तही बदललं गेलं. पारा बाहेर पडत होता, पण मेंदूची हानी थांबली नाही. डोळ्यांना दिसणारं क्षेत्र आकसलं, ऐकू येणं बिघडलं, आणि पहिली चेताविषयक लक्षणं दिसल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत त्या प्रतिसाद देईनाशा झाल्या. शुद्धीत असताना, आपल्या बाबतीत जे घडलं ते इतर रसायनशास्त्रज्ञांपर्यंत पोचावं अशी त्यांची इच्छा होती. सहकाऱ्यांनी त्या हयात असतानाच इशारा प्रसिद्ध केला.

हा उशीर कुठून आला? डायमिथाइल मर्क्युरी चरबीत विरघळतं, शरीरभर पसरतं. शरीरात त्याचं हळूहळू मिथाइल मर्क्युरीत रूपांतर होतं. मिथाइल मर्क्युरी सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटलं की त्या जोडीचा आकार मिथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखा दिसतो. मेंदूच्या दारावरची वाहतूक व्यवस्था तिला पोषण समजून आत घेते. जपानमधल्या मिनामाता गावात १९५६ साली उघडकीला आलेल्या विषबाधेमागे हेच मिथाइल मर्क्युरी होतं. शिवाय मेंदूच्या पेशी मरत असताना उरलेल्या पेशी बराच काळ काम निभावून नेतात. लक्षण दिसतं तेव्हा ही राखीव ताकद संपलेली असते.

प्रयोगशाळेतल्या सुरक्षेची जी आपली रोजची समज आहे, ती आग, भाजणं, ठसका, वास यांवर पोसलेली आहे. काही बिघडलं की कळतं आणि कळलं की आपण मागे सरकतो. इथे कळण्याचं कोणतंही साधन नव्हतं. थेंबानं कातडी जळली नाही, झोंबलं नाही. म्हणून अशा द्रव्यांच्या बाबतीत शरीर आपल्याला सावध करील यावर काही म्हणता काही सोपवता येत नाही.

हूड गळला नव्हता, हे कशावरून

तपास करणाऱ्यांसमोर तीन शक्यता होत्या. रोज थोडं थोडं बाष्प श्वासात जात होतं, किंवा प्रयोगशाळेत कुठेतरी न कळलेली सांडलवंड होती, किंवा तो एकच थेंब.

उत्तर केसांनी दिलं. केस वाढताना त्या वेळच्या रक्तातला पारा त्यात बंद होतो, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मुळापासून टोकापर्यंत छोटे छोटे तुकडे करून पारा मोजला की महिन्यांचा आलेख हाती येतो. वेटरहान यांच्या केसांत ऑगस्टच्या मध्यानंतर पारा एकदम उसळला होता आणि पुढे संथपणे उतरत गेला होता. शरीरातला पारा अर्ध्यावर यायला त्यात सुमारे ७५ दिवस लागत होते. हळूहळू वर चढणारी रेघ नव्हती, दुसरा चढही नव्हता. रोजच्या गळतीचा आलेख असा दिसत नाही.

सोबत काम करणाऱ्यांची आणि घरच्यांची तपासणी झाली, कुणातही विषबाधेच्या पातळीचा पारा नव्हता. प्रयोगशाळेतल्या पृष्ठभागांवरही लपलेली सांडलवंड सापडली नाही. मोज्यांच्या चाचणीचा निकाल वर आलाच आहे. या सगळ्यावरून डॉक्टरांनी काढलेला निष्कर्ष असा की पारा कातडीतून गेला, आणि पोचलेलं द्रव्य अर्ध्या मिलिलिटरहून कमी होतं. थोडं बाष्प श्वासात अजिबात गेलं नसेल असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण त्या खोलीतले बाकीचे लोक सुरक्षित राहिले याकडे दुर्लक्ष करता येत नाही. हवेच्या बाबतीत व्यवस्थेनं आपलं काम केलं होतं. तरीही माणूस गेला.

दुसरी पेटी असती तर?

प्रकरण वाचल्यावर ‘यापेक्षा चांगली पेटी वापरायला हवी होती’ असं म्हणणं सोपं आहे. प्रत्येक पेटी तपासून पाहू.

लॅमिनार फ्लो बेंच तर इथे चालूच शकत नाही. ती गाळलेली हवा नमुन्यावरून थेट माणसाच्या तोंडावर सोडते. नमुना स्वच्छ ठेवायचा, एवढाच तिचा हेतू. दिसायला ती हूडसारखी असल्यामुळे लोक तिच्यात द्रावकं उघडतात, हे धोकादायक आहे. बायोसेफ्टी कॅबिनेट माणूस आणि नमुना दोघांनाही राखते, पण जंतूंपासून. तिचा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. बाष्पाचे रेणू त्याहून शेकडो पटींनी लहान असतात, ते सरळ पार होतात, आणि दुसऱ्या वर्गातल्या नेहमीच्या कॅबिनेटमध्ये बरीचशी हवा पुन्हा कामाच्या जागेतच फिरवली जाते. पारायुक्त बाष्प तिथे नेणं म्हणजे ते फिरवत ठेवणं. कोळशाचा फिल्टर असलेले, नळ नसलेले हूड मिळतात. त्यांचा फिल्टर कुठल्या बाष्पासाठी आहे आणि कधी भरला, हे कळलं नाही तर तेही फसवतात.

राहिला ग्लोव्ह बॉक्स. पूर्ण बंद पेटी, समोर काच, काचेत बसवलेले लांब मोजे. इथे हवेचा प्रश्न जवळजवळ मिटतो. पण हात पुन्हा मोज्यातच आहे आणि तो मोजाही ब्युटाइल किंवा निओप्रीन अशा रबराचाच असतो. जाडी जास्त म्हणून वेळ जास्त मिळेल, पण किती, ते मोजूनच कळतं. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. हवेला संवेदनशील द्रव्यांसाठी जे ग्लोव्ह बॉक्स असतात, त्यांच्यात नायट्रोजन किंवा आर्गॉनचा दाब खोलीपेक्षा थोडा जास्त ठेवलेला असतो, म्हणजे बाहेरची हवा आत येत नाही. नमुन्यासाठी हे योग्य. पण मोज्याला बारीक चीर गेली तर आतलं बाहेर येतं, माणसाकडे. विषारी द्रव्यांसाठी दाब उलटा, म्हणजे खोलीपेक्षा कमी असायला हवा. पेटी तीच दिसते, दाबाची दिशा बदलली की ती कुणाला राखते हे बदलतं.

म्हणून पेटी निवडताना ‘किती चांगली’ हा प्रश्न अपुरा पडतो. विष शरीरात शिरण्याचे रस्ते कोणते, यातला कुठला रस्ता ही पेटी बंद करते, आणि उरलेल्यांवर काय आहे, हे लिहून काढावं लागतं. डायमिथाइल मर्क्युरीसाठी असा कागद ऑगस्ट १९९६ पूर्वी कुणी मांडला असता, तर श्वासासमोर ‘हूड’ आलं असतं आणि कातडीसमोर ‘लॅटेक्स, चाचणी नाही’. ही रिकामी जागा कागदावर दिसली असती.

नंतर काय बदललं

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेनं, म्हणजे ओशानं, कॉलेजवर कारवाई केली. एकदा वापरायच्या हातमोज्यांच्या मर्यादा कर्मचाऱ्यांना पुरेशा शिकवल्या नव्हत्या, हा ठपक्याचा मुख्य भाग होता. १९९८ साली ओशानं डायमिथाइल मर्क्युरीबद्दल स्वतंत्र इशारा काढला. आत लॅमिनेटचे चपटे मोजे आणि वरून लांब बाह्यांचे जाड निओप्रीन किंवा नायट्राइलचे मोजे, अशी जोडी त्यात सांगितली. लॅमिनेट म्हणजे वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पातळ पदरांचा एकत्र पत्रा. एका पदरात जे द्रव्य सहज विरघळतं, ते पुढच्या पदराला अडतं. हे मोजे हाताला नीट बसत नाहीत, बोटांनी बारीक काम करणं कठीण जातं, आणि ते सहज फाटतात. म्हणून वरून दुसरा जाड मोजा. त्यामुळे काम संथ होतं, आणि ते तसं होऊ द्यावं.

प्रयोगशाळेच्या रोजच्या व्यवहारात यातून जे यायला हवं, त्यात मी तीन गोष्टींवर अडून राहीन. सॅश उघडण्याआधी कामाच्या कागदावर मोज्याचा पदार्थ, जाडी आणि त्या विशिष्ट द्रव्यासाठीचा पाझरण्याचा वेळ लिहिलेला असावा. चाचणीच सापडत नसेल, तर त्या द्रव्यापुरता हात उघडा आहे असं समजून कामाची आखणी करावी. मोज्यावर थेंब पडला तर आधी मोजा उतरवून हात धुवायचा, सांडलेलं नंतर. हूडची काच खाली ओढून चालू हूडमध्ये सांडलेलं काही मिनिटं तसंच राहिलं तरी चालतं, हात तसा राहून चालत नाही. आणि पारा, थॅलियम यांसारख्या उशिरा उमटणाऱ्या विषांच्या बाबतीत संशय आला की त्याच दिवशी डॉक्टरांना द्रव्याचं नाव सांगून रक्त-लघवीची तपासणी सुरू करायची, लक्षणांची वाट पाहायची नाही. डायमिथाइल मर्क्युरीच्या बाबतीत त्यानंही माणूस वाचला असता की नाही, हे ठाऊक नाही. पण पाच महिने आधी उपचार सुरू झाले असते.

याहून मोठा बदल मात्र पेटीत झाला नाही, मोज्यातही नाही. तो मोजण्याच्या पद्धतीत झाला. पाऱ्याच्या एनएमआरसाठी पाऱ्याच्या क्षारांची द्रावणं दुय्यम संदर्भ म्हणून वापरता येतात. तीही विषारीच, पण ती उडत नाहीत आणि कातडीतून अशी शिरत नाहीत. त्यापुढे जाऊन, २००१ साली आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं सगळ्या अणुकेंद्रकांसाठी एक सामाईक मोजपट्टी सुचवली. टेट्रामिथाइल सिलेन या संदर्भ म्हणून वापरल्या जाणाऱ्या द्रव्यातल्या प्रोटॉनची, म्हणजे हायड्रोजनच्या केंद्रकाची, वारंवारता १०० धरायची आणि बाकी प्रत्येक केंद्रकाचा शून्यबिंदू तिच्या टक्क्यांत सांगायचा. डायमिथाइल मर्क्युरीतल्या पारा-१९९ साठी तो आकडा १७.९१च्या जवळ येतो, आणि तक्त्यात तो दशांशाच्या सहा स्थळांपर्यंत दिलेला आहे. एनएमआर यंत्रात नमुन्याचा प्रोटॉन संकेत मिळाला की पाऱ्याचा शून्यबिंदू गुणाकारानं निघतो. ज्या कामासाठी ती कुपी १९९६ साली हूडमध्ये उघडली गेली, त्या कामासाठी ती आता उघडावीच लागत नाही.